मिंट टाकला तरी थेट विंडोजच उघडतं? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी एवढं बघा

तुम्ही विंडोज ११ शेजारी लिनक्स मिंट टाकलात, इन्स्टॉलर शेवटपर्यंत नीट गेला, पण रीस्टार्ट केल्यावर ग्रबचा (कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या बूटलोडरचा) मेनू न येता थेट विंडोज उघडतं. पुन्हा इन्स्टॉल करू का, असं विचारलंयत. कृपया करू नका. मिंट बहुधा डिस्कवर धडधाकट आहे, फक्त फर्मवेअर, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीये.

आणखी एक, सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी सेटिंग) बंद करायचा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. मिंटचा बूटलोडर सही केलेल्या ‘शिम’ नावाच्या छोट्या प्रोग्राममधून सुरू होतो, त्यामुळे सहसा त्याची गरज पडत नाही. उलट बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर या बदलानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी लिहून ठेवा, मगच सेटिंगला हात लावा.

आता मुख्य तपासणी. पेनड्राइव्हवरून मिंटचं लाइव्ह सेशन (इन्स्टॉल न करता थेट चालणारं मिंट) उघडा. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, त्यातला यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली बूटची नवी पद्धत) लिहिलेला निवडा. पहिल्यांदा साधा निवडला गेला असेल तर इन्स्टॉलर जुन्या बायोस पद्धतीने चालला आणि त्याने त्याच पद्धतीचा ग्रब टाकला. विंडोज ११ यूईएफआयमध्ये असल्याने दोघांची गाठच पडत नाही. मी अशी तक्रार पाहिली की पहिला संशय इथेच घेतो.

लाइव्हमध्ये टर्मिनल उघडून एफीबूटएमजीआर (efibootmgr) चालवा, ते फर्मवेअरमधल्या बूट नोंदींची यादी दाखवतं. यूईएफआय व्हेरिएबल्स उपलब्ध नाहीत असं उत्तर आलं, तर याही वेळी जुन्याच पद्धतीने बूट झालंय. यादी आली, तर त्यात ‘उबुंटू’ शोधा. हो, मिंटची नोंद त्याच नावाने असते आणि नेमकी त्यामुळेच अनेकांच्या नजरेतून सुटते. ती आहे पण बूटऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजरच्या मागे आहे? मग तिला पुढे आणा, बायोस सेटिंगमधूनही जमतं. काम झालं.

नोंदच नसेल तर ग्रब नव्याने बसवावा लागेल. मिंटचं रूट पार्टिशन माउंट करा. विंडोजचं आधीचं ईएफआय पार्टिशन, म्हणजे ते छोटं फॅट३२चं, त्याच्या आत बूट/एफी इथे माउंट करा. ते फॉरमॅट अजिबात करू नका, विंडोजचा बूटलोडर त्यातच आहे. मग लाइव्हचे डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे फोल्डर त्यात जोडून क्रूट (chroot) करा, म्हणजे पुढच्या कमांड डिस्कवरच्या मिंटमध्ये चालतील. सिस जोडताना माउंटचा साधा बाइंड (--bind) वापरू नका, आरबाइंड (--rbind) वापरा. साध्या बाइंडने एफीव्हार्स (यूईएफआय व्हेरिएबल्सचा फोल्डर) आत येत नाही, मग ग्रब-इन्स्टॉल फाइल्स टाकतं पण फर्मवेअरमध्ये नोंद करू शकत नाही, आणि माणूस तासन्‌तास गोंधळात पडतो. जुन्या पद्धतीचा ग्रब बसलेला असेल तर आधी ग्रब-एफी आणि शिमची सही केलेली पॅकेजेस घ्या, ईएफआय पार्टिशनची ओळ एफएसटॅबमध्ये (बूटवेळी काय माउंट करायचं त्याच्या यादीत, /etc/fstab) घाला, मग ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. हे सगळं हाताने करायचं नसेल तर मिंटच्या लाइव्हमध्ये बूट रिपेअर असतंच, ते बहुतेक वेळा पुरतं.

मेनू आला पण त्यात विंडोज नाही, असं झालं तर ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टीम शोधणारा प्रोग्राम) तपासा. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून मूळ ग्रबमध्ये तो शोध बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये (/etc/default/grub) तो चालू करून अपडेट-ग्रब पुन्हा चालवा.

यातूनही सुटलं नाही, तर एफीबूटएमजीआर आणि एलएसबीएलके -एफ (lsblk -f) यांचं पूर्ण आउटपुट इथे टाका, पुढची पायरी त्यावरूनच ठरवू.