आईचं पोर्ट्रेट मिश्र माध्यमात करायचंय. त्यात ती ‘आई’पलीकडची बाई कशी दिसेल?

चेहऱ्याआधी तिच्या वस्तू गोळा करा. मी माझ्या आईचं केलं तेव्हा सुती साडीचा विरलेला काठ, लोकलचे जुने पास आणि तिच्या अक्षरातली वाणसामानाची यादी कॅनव्हासवर चिकटवली. यादीच्या मागे तिने स्वतःची सही पाच वेळा गिरवली होती, माहेरच्या नावाने! ती सही मी कपाळावरच ठेवली. खरं पोर्ट्रेट तेच, असं मला मनापासून वाटतं.

थर देताना आधी अ‍ॅक्रिलिक, मग तेलरंग. उलट केलंत तर पोपडे सुटतात. मुंबईच्या पावसाळ्यात कापडाला बुरशी धरते, तेव्हा पूर्ण वाळल्याशिवाय फ्रेम नको.

मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या चित्रकार अंजू दोडियांची गाद्यांवरची चित्रं जरूर बघा.