गटारी झाली की बंद? आधी डॉक्टर गाठा

प्रश्न: मिस्टर नऊ वर्षं रोज दोन क्वार्टर घेतात. गेल्या श्रावणात एकदम सोडली, तर हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडत सुटले. सासूबाईंनी अंगारा लावला, दिरांनी पेग पाजला, तेव्हा कुठे शांत झाले. यंदाही ‘गटारी झाली की बंद’ म्हणताहेत. शेजारणीने भाजीत मिसळायला गोळ्या दिल्यात. देऊ का?

उत्तर: नको, ताई. अशा गोळ्या बहुधा डायसल्फिरामच्या असतात. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं. जीवही जाऊ शकतो. ही गोळी घेणाऱ्याला सांगून, तपासण्या करूनच देतात.

गेल्या वर्षीची ती बाधा नव्हती. दोन क्वार्टर म्हणजे 360 मिली, त्यात साधारण 120 ग्रॅम अल्कोहोल. लिव्हर तासाला जेमतेम 7 ते 10 ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे रात्रीची दारू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगात असते. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली की नुसता ॲक्सिलरेटर उरतो, ब्रेक नाही. थरथर, घाम, धडधड पहिल्या सहा-बारा तासांत सुरू होते. फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. भास आणि भ्रम दोन ते चार दिवसांत, आणि त्यावर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. दिरांच्या पेगने थरथर थांबली हे खरं, पण सोडणं तिथेच बारगळलं.

एकदा भास झालेत, म्हणजे यंदाही धोका आहे. त्यामुळे घरी प्रयोग नको. गटारीच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या; ते बहुधा भरतीच करून घेतील. पाच-सात दिवस झोपेच्या गटातली औषधं देऊन डोस रोज उतरवत नेतात. तोवर बाटली हिसकावून घेऊ नका. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्ती हेल्पलाइनच्या 14446 किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, दोन्ही मोफत आहेत. फिट आली, बरळणं सुरू झालं किंवा ताप चढला तर थेट 108.

डॉक्टरांना शेवटचा पेग किती वाजता घेतला ते आणि मुंग्यांचं, दोन्ही सांगा. जेवण तुटलेलं असेल तर तेही. अशा पेशंटच्या अंगात थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-1, कमी असतं. ते न देता आधी ग्लुकोजची सलाईन लावली तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून सलाईन लावताना विचाराच, ‘थायमिन दिलंय ना?’