ऑपरेशन करून नजर सुधारणार नसेल, तर करायचं कशाला?

काचबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरवताना हा प्रश्न हमखास येतो. ऊस बागायतदार असलेल्या 61 वर्षांच्या एका काकांनी तो विचारला, तेव्हा त्यांचा डावा डोळा जवळपास गेलेला होता. उजव्याने पेपर वाचता येत होता, पण त्यात तीन प्रकारचे थेंब चालू असूनही डोळ्याच्या आतला दाब 26 होता. फील्ड टेस्ट म्हणजे नजरेचा आवाका मोजणारी तपासणी; अशा दोन टेस्ट शेजारी ठेवल्यावर वरच्या बाजूचा काळा पट्टा मध्याकडे सरकलेला दिसत होता. सर्जननी त्या डोळ्याचा दाब 14 च्या आत आणायला ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याला नवी वाट करून देणारं ऑपरेशन, सुचवली.

"हिचं मोतीबिंदूचं झालं, दुसऱ्या दिवशी टीव्हीवरची पट्टी वाचायला लागली," काका म्हणाले. "माझं करून दिसणार आहे तेवढंच."

हे खरं आहे आणि ते तारीख देण्याआधीच बोललं पाहिजे. मोतीबिंदूत गढूळ भिंग काढून नवं बसवतात. काचबिंदूत डोळ्याची नस वाळते आणि वाळलेले तंतू परत येत नाहीत. हे ऑपरेशन दाब उतरवून उरलेली नजर टिकवायला करतात. काकांकडे उरला होता एकच डोळा, म्हणून थांबणं जास्त धोक्याचं होतं.

मुलाने विचारलं, "लेझरने भागत नाही का?" एसएलटी नावाच्या लेझरमध्ये डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं त्या जाळीवर सुमारे 100 ठिपके मारतात. काम काही मिनिटांचं, पण परिणाम कळायला चार-सहा आठवडे लागतात. दाब साधारण 20 ते 30 टक्के उतरतो, आधीच बरेच थेंब चालू असतील तर त्याहून कमी. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात (2019) सुरुवातीलाच एसएलटी केलेल्यांपैकी 74 टक्के रुग्णांना तीन वर्षांनी थेंबांची गरज नव्हती. पण ते नव्याने निदान झालेले रुग्ण होते. काकांचा दाब 26 वरून 20-21 वर आला असता, तरी पुरलं नसतं. यॅग लेझरने बुबुळाच्या कडेला भोक पाडतात, ते कोन, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या जाळीजवळची जागा, अरुंद असणाऱ्यांसाठी. काकांचा कोन उघडा होता.

मग ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं ते सांगितलं. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक छोटी झडप उचलतात, तिच्याखालून पाण्याला वाट करतात आणि झडप बारीक टाक्यांनी सैलसर बसवतात. पाणी वरच्या पातळ आवरणाखाली साठून हळूहळू शोषलं जातं. तिथे जो फुगवटा येतो त्याला ब्लेब म्हणतात. काकांना बांधातल्या मोरीचं उदाहरण लगेच पटलं: मोरी फार उघडली तर वाफा कोरडा पडतो, गाळाने बुजली तर पाणी तुंबतं. शरीर ही जखम समजून वाट बुजवू पाहतं. म्हणूनच ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन हे औषध दोन-तीन मिनिटं लावतात, आणि नंतर स्टेरॉइडचे थेंब सुरुवातीला दर दोन तासांनी, मग कमी करत दोन-तीन महिने घालायचे असतात. डोळ्याची लाली गेली म्हणून लोक तिसऱ्या आठवड्यात ते बंद करतात, आणि नेमकी तेव्हाच वाट बुजू लागते.

दुसरी चूक बाटल्यांची. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातले जुने काचबिंदूचे थेंब सहसा बंद होतात, दुसऱ्या डोळ्यातले चालूच राहतात. घरी अदलाबदल होते. काकूंनी डाव्या डोळ्याच्या बाटल्यांना लाल दोरा बांधला आणि त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हे जमतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सर्जनना आधी सांगावी, स्वतःहून थांबवू नये.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी काका घाबरून आले. आधीपेक्षा धूसर दिसत होतं आणि दाब 24 होता. धूसरपणा पहिले काही आठवडे असतोच, चष्म्याचा नंबरही हलतो. नवा चष्मा तीन महिन्यांनी करायचा. दाब चढला होता तो झडप घट्ट बसल्यामुळे. सर्जननी डोळ्यात बधिरतेचा थेंब टाकला, स्लिट लॅम्पसमोर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रासमोर) बसवून एक सोडता येणारा टाका चिमट्याने ओढून काढला. ब्लेब जरा फुगला, दाब 12 वर आला. हा टाका मुद्दाम तसाच घातलेला असतो, कारण सुरुवातीलाच झडप सैल ठेवली तर दाब फार उतरतो आणि डोळा मऊ पडतो. या भेटी टाळल्या तर वेळेवर टाका काढायला कुणी नसतं. लांबून येणाऱ्यांनी पहिल्या सहा आठवड्यांत दर आठवड्याच्या प्रवासाची सोय तारीख घेण्याआधीच करावी.

तीन महिन्यांनी उजव्या डोळ्याचा दाब थेंबांशिवाय 13 होता आणि काका पूर्वीइतकंच वाचत होते. पुढची फील्ड टेस्ट सहा महिन्यांनी. ऑपरेशननंतर महिनाभर ओझं उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. विहिरीत पोहायचं तर सर्जनना विचारून. डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडं आली किंवा नजर अचानक उतरली, तर ऑपरेशनला दहा वर्षं झालेली असली तरी त्याच दिवशी यायचं, कारण ब्लेबमधला जंतुसंसर्ग काही तासांत आत पसरू शकतो. मुलाचा आणि काकांच्या धाकट्या भावाचा दाब, कोन आणि नस तपासायची वेळही त्याच भेटीत ठरली, कारण काचबिंदू जवळच्या रक्ताच्या नात्यांत जास्त आढळतो.