आठवीचा वर्ग पहिल्यांदाच मिळालाय ना, मग हे वाच

अगं, पहिले 15 दिवस पोर्शनचं टेन्शन घेऊ नकोस, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा पीत बसण्यापेक्षा टॉयलेटच्या पॅसेजमध्ये आणि जिन्याखाली एक चक्कर मार, पोरांची एकमेकांवरची दादागिरी, छळ सगळं तिथेच चालतं. आणि शाळा सुटल्यावर रिक्षा स्टँडच्या मागे. इथे ऐरोलीत मी बघितलेली 'गँग' म्हणजे आपलीच चार पोरं, एक बाहेरचा बाइकवाला दादा आणि इन्स्टावर स्टेटस, बस.

माझ्या वर्गातला एक मुलगा रोज डबा तसाच परत न्यायचा. आई म्हणायची, भूकच नसते हो त्याला. एकदा डबा उघडून बघितला तर भाजीवर खडूची पूड! मी तिथेच सगळ्यांसमोर विचारलं कोणी केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत यायचाच बंद झाला. ही चूक तू करू नकोस.

तारीख, वेळ, कोण कोण होतं ते वहीत लिही, मुख्याध्यापकांना लेखीच दे, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. 1098, म्हणजे चाइल्डलाइन, मुलांच्या मदतीचा फोन नंबर, फळ्याच्या कोपऱ्यात कायम असू दे, फुकट आहे, पोरं स्वतः लावू शकतात. लैंगिक प्रकार असेल तर मात्र 'आपसात मिटवू' अजिबात नाही, पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

सीसीटीव्हीवर फार भिस्त नको, कॅमेऱ्यात काय दिसत नाही ते पोरांना आपल्याआधी कळतं.

आणि दादागिरी करणाऱ्याला दाखला देऊन हाकलायची भाषा करू नकोस, आठवीपर्यंत आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, ते चालतही नाही. त्याला एकट्याला बसवून बोल, बरेचदा घरी त्याच्याच कानाखाली आवाज निघत असतो.