पिकअपसाठी ऑल-टेरेन टायर निवडताना

प्रश्न : माझ्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप असून तिचे मूळ टायर आता पार गोटा झाले आहेत. गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावरच धावते. आठवड्यातून दोन-तीन वेळा मात्र हौद्यात माल भरून खडीच्या आणि चिखलाच्या वाटेने जावे लागते. ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांवर चालणारे टायर घ्यावेत का? मूळ माप २६५/६५ आर १७ आहे, त्याऐवजी २६५/७० चालेल का? आणि तूर्त मागचे दोनच बदलले तर?

उत्तर : आपल्या वापरासाठी ऑल-टेरेन टायर योग्यच आहेत, पण त्यांतही बरेच प्रकार असतात. काहींची नक्षी मोठ्या, सुट्या ठोकळ्यांची असते; ती चिखलात उत्तम चालते, मात्र डांबरावर घरघरते आणि इंधनही अधिक खाते. आपण ठोकळे जवळजवळ असलेली, प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असलेली नक्षी निवडावी, कारण ओल्या डांबरावर पकड मिळते ती या चिरांमुळे. दुकानात खाचांमध्ये बोट घालून पाहा. तळाशी लहान उंचवटे लागले, तर त्या टायरमध्ये खडे रुतून बसण्याचे प्रमाण कमी राहते.

नक्षीच्याही आधी पाहायचा तो भारांक, आणि नेमके याच बाबतीत ग्राहकांचे दुर्लक्ष होते याची मला काळजी वाटते. मापापुढे ‘११२ एस’ असे काही छापलेले असते. त्यातील ११२ चा अर्थ असा, की ठरलेल्या दाबाची हवा असताना तो एक टायर जास्तीत जास्त ११२० किलो भार पेलू शकतो. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर, तो दिसायला कितीही दणकट असला तरी, माल वाहणाऱ्या गाडीला बसवू नये. मापाच्या आधी ‘एलटी’ (लाइट ट्रक) ही अक्षरे असलेले टायर अधिक जाड बांधणीचे असतात आणि धारदार दगडांनी त्यांची बाजू सहजासहजी फाटत नाही. मात्र ते वजनदार असतात, रिकाम्या गाडीत धक्के जाणवतात आणि तेवढाच भार पेलण्यासाठी त्यांना हवाही जास्त लागते, म्हणून जुन्या टायरचा दाब त्यांना तसाच लावून चालत नाही. आपला हौदा नेहमी क्षमतेच्या जवळपास भरलेला असेल किंवा वाटेवर टोकदार दगड असतील तर एलटी घ्या. एरवी पुरेशा भारांकाचा साधा ऑल-टेरेन टायर पुरतो.

मापाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : मूळ माप बदलू नये. २६५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६५ किंवा ७० ही त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि १७ हा रिमचा इंचांमधला व्यास. २६५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर, तर २६५/७० चा सुमारे ८०३ मिलिमीटर भरतो. यातून गाडीची उंची वाढते ती या फरकाच्या निम्मीच, म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर. त्या बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०३ च्या आसपास धावत असते, भरल्या गाडीची चढावरची ओढ कमी होते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूस घासण्याचा धोका असतो.

दोनच टायर बदलण्याचा विचार सोडून द्यावा. नव्या टायरची नक्षी ११ मिलिमीटर खोल आणि जुन्याची ३ उरलेली असेल, तर दोहोंच्या व्यासात १६ मिलिमीटरचा फरक पडतो. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढची आणि मागची चाके अशा वेळी वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि त्याचा ताण गिअरांवर येतो. चारही टायर एकाच कंपनीचे व एकाच नक्षीचे घ्या. शक्य असल्यास स्टेपनीसाठीही तसाच पाचवा घ्या, आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करताना तीही फिरवत राहा.

टायर रिमवर चढवण्याआधी उत्पादनाची तारीख तपासावी. बाजूवरील चार अंकांत ती असते; उदाहरणार्थ, १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. हे अंक अनेकदा एकाच बाजूला असतात आणि तीच बाजू आत गेली तर नंतर ते वाचणे कठीण होते. बसवून झाल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्या आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यानंतर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.