जुन्या मर्सिडीजला छतातला नवा कन्सोल

प्रश्न : वडिलांची १९९६ ची मर्सिडीज ई २२० अजून आमच्या दारात आहे आणि चालतेही. सनरूफची मोटर ठणठणीत आहे, पण बटण झिजलंय, तीन-चारदा दाबावं तेव्हा काच हलते. पुण्याच्या जुन्या बाजारात याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा छतातला कन्सोल मिळाला. त्यात दोन वाचायचे दिवे, चष्म्याचा कप्पा आणि सनरूफचं बटण आहे. कपलर (वायरी जोडायचं सॉकेट) आठ पिनांचा असून मागे वीतभर वायरी आहेत. आमचे वायरमन म्हणतात, रंगाला रंग जोडून टाकू. जोडावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका जोडू. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस), एवढाच रंगाचा भरवसा धरा, आणि तोही मल्टिमीटर लावून बघितल्यावर. बाकीचे रंग मॉडेल बदललं की बदलतात. कपलर मात्र वायरीसकट आणलात हे फार चांगलं केलंत. बाजारात लोक कन्सोल उपसून आणतात, कपलर तिथंच राहतो, आणि मग पिनांना झाळणं करत बसायची वेळ येते.

तुमची गाडी १९९५ पासून पिंपरीत जुळणी होऊन निघालेल्या ई-क्लासपैकी, म्हणजे डब्ल्यू १२४ (कंपनीचं त्या पिढीच्या ई-क्लासचं नाव). हिची सनरूफची मोटर छतात नाही, डिकीत आहे. तुमच्या कामाला ही गोष्ट फार सोयीची आहे, का ते पुढे येईलच.

आधी नवं बटण कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. जुन्या धाटणीच्या बटणातून मोटरचा सगळा करंट जातो, म्हणून आतले पॉइंट (दाबल्यावर एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे) जाड असतात. नंतरच्या गाड्यांत बटण फक्त इशारा देतं आणि करंट सोडायचं काम मोटरजवळचं कंट्रोल युनिट करतं. त्या बटणाचे पॉइंट नखाएवढेही नसतात. मोटरच्या वायरी थेट त्यावर घातल्या तर ते पहिले काही दिवस झकास चालतं, आणि तिथंच माणूस फसतो.

मी फसलोय. २०११ मध्ये एका गिऱ्हाइकाच्या गाडीला असंच बटण मी थेट जोडून दिलं. पंधरा दिवसांनी, ऐन जुलैत, आंबा घाटातून त्यांचा फोन आला. पॉइंट वितळून चिकटले होते, मोटर शेवटच्या टोकाला जाऊन अडली, फ्यूज उडाला आणि काच पूर्ण उघडी राहिली. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. ताडपत्री घेऊन मी कोल्हापूरहून निघालो आणि पोचेपर्यंत ती माणसं चिंब भिजली होती. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय मी एकही बटण जोडलेलं नाही.

तर मीटर ओहमवर ठेवा. त्याआधी कन्सोलमधले दोन्ही बल्ब काढा. बल्बमधली थंड तार, म्हणजे फिलामेंट, दोन-तीन ओहम दाखवतं आणि तासभर चुकीच्या पिनेमागे जातो. आता एक पिन धरून बाकीच्या सगळ्या तपासा, प्रत्येक वेळी बटण दोन्ही बाजूंना दाबा. दाबल्यावर सरळ शून्य आलं तर तुमचं काम सोपं आहे. एका बाजूला काहीशे ओहम आणि दुसऱ्या बाजूला वेगळाच आकडा आला, तर आत रेझिस्टर (करंट अडवणारे पुर्जे) आहेत. असं बटण स्वतःच्या युनिटशीच बोलतं, रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ओढू शकत नाही. दाबूनही काहीच बदललं नाही तर बटणामागे इलेक्ट्रॉनिक सर्किट असेल. या दोन्ही प्रकारांत कन्सोल दिव्यांसाठी आणि कप्प्यासाठी लावा, आणि सनरूफला साधं बटण वेगळं घ्या.

शून्य आलं असेल तर पाच पिनांचे दोन रिले घ्या, बारा व्होल्टचे, कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा पुर्जा) असलेले. पुढचे आकडे रिलेच्या पिनांचे नंबर आहेत. मोटरची एक वायर पहिल्या रिलेच्या ३० वर, दुसरी वायर दुसऱ्याच्या ३० वर. दोन्हींचे ८७ए अर्थिंगला, दोन्हींचे ८७ फ्यूजमधून आलेल्या प्लसला. ८६ ला किल्लीनंतरचा, म्हणजे १५ नंबरचा प्लस द्या. ८५ च्या दोन वायरी बटणाकडे जातील आणि बटणाची सामाईक पिन अर्थिंगला. बटण सोडलं की मोटरची दोन्ही टोकं अर्थिंगला येतात, त्यामुळे ती घरंगळत न जाता जागच्या जागी थांबते. डायोडच्या रिलेत ८५ आणि ८६ ची अदलाबदल करू नका, दाबल्याबरोबर शॉर्ट होतो.

हे रिले डिकीत मोटरशेजारी बसवा. जाड वायर तिथंच राहील आणि छतापर्यंत फक्त बारीक वायरी जातील. सरकणं आणि मागून उचलणं ही दोन्ही कामं एकच मोटर करते, म्हणून काच बंद झाल्यावर तिला थांबवणारे छोटे स्विच तिच्यापाशी असतात. ते जसे आहेत तसे ठेवा, त्यांना वगळून रिले जोडू नका. फ्यूज मूळ आकड्याचाच हवा. मोठा घालून अडलेली मोटर चालत नाही, वायर जळते.

दिव्यांचं थोडक्यात. जुन्या गाड्यांत दाराचा स्विच बहुधा अर्थिंग देतो. नव्या कन्सोलला तेच चालतं का, हे बल्ब लावून टेबलावरच बघा.

एक गोष्ट वायरमनना आवर्जून सांगा. तीस वर्षांची वायर वाकवली की तिच्यावरचं आवरण तडकतं. जोड नुसता पिळून त्यावर टेप गुंडाळू नका, उन्हाळ्यात छताखाली टेपचा गोंद पातळ होऊन टेप सुटते. झाळून वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. बॅटरी सोडवण्याआधी रेडिओ परत चालू करायला लागणारा कोड घरात कुठं लिहून ठेवलाय का तेही शोधा.

आणि घरात लहान मुलं असतील तर हे नीट ऐका. हात अडकला की काच आपोआप मागे घेणारी सोय या कन्सोलसोबत येणार नाही. ती बटणात नसते, कंट्रोल युनिटमध्ये असते. काच बंद करताना मुलांचे हात आत आहेत ना, हे तुम्हालाच बघायचंय.

लायनिंग परत चढवण्याआधी सनरूफच्या पन्हळीत कोपऱ्याकोपऱ्यात पेलाभर पाणी ओता. प्रत्येक वेळी ते गाडीखाली टपकलं पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तुंबलं तर आधी तिथली पाणी खाली नेणारी नळी साफ करा, नाहीतर पहिल्याच पावसात ते पाणी लायनिंगवरून नव्या कन्सोलमध्ये येईल.