वजन उतरता उतरता थांबलं, आता व्यायामाला वेळ कुठून काढू?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी ४३ वर्षांची आहे, राजारामपुरीत राहते. शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत काउंटरला असते. चार महिन्यांपूर्वी माझं वजन ७९ किलो होतं. रात्रीचा भात बंद केला, चहातली साखर सोडली. रविवारचा तांबडा रस्सा सोडवेना, पण दोन वाट्यांवरून एका वाटीवर आले. ५ किलो उतरलं. गेला दीड महिना मात्र काटा ७४ वरून हलत नाही. जिमची वर्षाची फी भरली, अकरा दिवस जाऊन सोडलं. पहाटे साडेपाचला उठते. डबे, सासूबाईंचं पथ्याचं, मुलाची शाळा, मग नोकरी. घरी यायला सात वाजतात. भाच्यानं हातात घड्याळ बांधलंय, ते रोज १०,००० पावलं मागतं. माझी कशीबशी ३,००० होतात. पाच-दहा मिनिटांचं चालणं धरतात का? की सलग तासभरच पाहिजे? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पाच मिनिटंही धरतात. पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत सलग किमान दहा मिनिटांची अट होती, २०२० साली ती काढून टाकली. आता सांगणं एवढंच आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, आणि किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काहीतरी. मध्यम दम म्हणजे चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

आता काट्याचं. ७९ किलोच्या शरीराला दिवस ढकलायला जेवढं लागायचं, त्यापेक्षा ७४ किलोच्या शरीराला कमी लागतं. हे बहुतेकांना कळतं. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. खाणं कमी झालं की शरीर आपल्या नकळत हालचालही कमी करतं. आठवून बघा, पूर्वी पाण्याचा तांब्या स्वतः उठून घेत होता, आता मुलाला हाक मारता. फाइल आणायला स्वतः जायचा, आता शिपायाला सांगता. हा आळस नव्हे, आणि त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. कमी मिळतंय म्हणून शरीर काटकसर करतं. ताटात वाचवलेलं ते असं दिवसभरात परत घेतं.

हे मी माझ्या वडिलांमुळे शिकले, फिजिओथेरपीच्या पुस्तकात नंतर वाचलं. वडील पोस्टमन होते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, सगळं सायकलीवर आणि पायी. जिने चढायचे, उतरायचे. निवृत्त झाले आणि दीड वर्षात त्यांचं वजन ९ किलोनं वाढलं. भाकरी तेवढीच, आमटी तीच. गेली होती ती फक्त फेरी. त्यांनी कुठला व्यायाम सुरू केला नाही. घरी येणारं दूध बंद केलं आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरून, म्हैस समोर पिळून देतात ते दूध रोज चालत जाऊन आणायला लागले. मग दळणही खांद्यावरून न्यायला लागले. ‘पाय मोकळं करून येतो,’ एवढंच म्हणायचे. वजन सावकाश उतरलं, पण पुन्हा चढलं नाही.

हिशेबही सरळ सांगते, नाहीतर महिनाभरात तुम्ही निराश व्हाल. तुमच्या वजनाची बाई अर्धा तास झपाझप चालली तर साधारण १५० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. निव्वळ चालून एक किलो उतरवायला पन्नासाच्या वर दिवस लागतील. उतरवण्याचं मोठं काम ताटच करतं. चालणं आणि जोर लावणं हे उतरलेलं टिकवतं आणि स्नायू वाचवतं. नुसत्या कमी खाण्यानं चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून काटा खाली गेला तरी जिना चढताना मांड्या भरून येतात.

घड्याळाचा धाक आधी काढून टाका. १०,००० हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. ‘दहा हजार पावलांचा मापक’ असं त्याचं नावच होतं. तुमची ३,००० आहेत ना, दोन आठवडे ४,००० करा. हजार पावलं म्हणजे जेमतेम दहा मिनिटं. मग पुढचं हजार.

ती दहा मिनिटं कुठं आहेत, हे मला तुमच्या पत्रातच दिसतं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मोपेड असणारच. कोपऱ्यावरची कोथिंबीर आणायलाही आपण कोल्हापूरकर मोपेड बाहेर काढतो. राजारामपुरीतून परीख पुलाखालून शाहूपुरीत जायला पायी असा किती वेळ लागतो? एकदा रविवारी घड्याळ लावून चालून बघा. सकाळच्या घाईत जमणार नाही, मला ठाऊक आहे. मग आठवड्यातले दोन दिवस सकाळी मिस्टरांना सोडायला सांगा आणि संध्याकाळी चालत घरी या. गाडी जवळ नसली की चालायचं की नाही हा विचारच उरत नाही. पुलाखाली पाणी साचलं त्या दिवशी रिक्षा करा, हट्ट नको.

संस्थेत शिपायाला सांगणं बंद करा. तासाभरानं एकदा उठून पाण्याची बाटली भरायची, म्हणून बाटली मुद्दाम लहान ठेवा. बहिणीचा, माहेरचा फोन आला की बसायचं नाही, बोलणं होईपर्यंत फेऱ्या मारायच्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस उसंत देत नाही, तेव्हा तर याचाच आधार. जेवणानंतरची दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. रक्तातली साखर तेव्हाच चढत असते आणि चालणारे स्नायू ती ओढून घेतात. सासूबाईंना झेपत असेल तर त्यांनाही गॅलरीत सोबत घ्या.

जोराचं काम घरीच होतं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दिवसातून दोनदा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून तिरके दंड. भाजीची पिशवी एका हातात कोंबण्यापेक्षा दोन्ही हातांत सारखं वजन घ्या. यासोबत प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं किंवा दही यांपैकी काहीतरी असू द्या, नुसता जोर लावून स्नायू बनत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. ‘बाईला वेगळा व्यायाम कशाला, घरकाम आहेच की,’ असं म्हणणारी माणसं. ओट्यापाशी दोन तास उभं राहून पाय दुखतात, कंबर धरते, पण श्वास वाढत नाही. तुम्ही दमता हे खरं आहे, तरी हृदयाला आणि स्नायूंना पाहिजे ते त्यातून पुरेसं मिळत नाही. म्हणून घरात स्पष्ट सांगा. आठवड्यातून दोनदा डबे मिस्टरांनी भरायचे. मुलाचं दप्तर मुलानं भरायचं. ती वीस मिनिटं तुमची.

जिना चढताना छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली, तर थांबून आधी डॉक्टरांकडे जा. काटा महिन्यातून दोनदाच बघा, पण कंबर मोजा. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण धरतात.

प्रश्न : वय ६७. रंकाळ्यावर रोज सकाळी एक तास फिरतो, पण उजवा गुडघा संध्याकाळी सुजतो. वजन ८४ आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. फिरणं बंद करू का? – एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : बंद करू नका, तोडून करा. सूज येते म्हणजे एका वेळचा भार जास्त होतोय. वीस मिनिटं सकाळी, वीस मिनिटं संध्याकाळी, सपाट जागेवर. खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच आकडे धरून ठेवायचा, दहा वेळा, दोन्ही पाय. अभ्यासात असं दिसलंय की एक किलो वजन उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो, तेव्हा दोन किलोही तुम्हाला जाणवतील. सूज तीन आठवड्यांत उतरली नाही तर गुडघा दाखवून घ्या. गोळ्या घेऊन उपाशीपोटी फिरायचं की नाही, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा, आणि तोवर खिशात साखरेची पुडी ठेवा.